साइट चालू, जाहिरात चालू, चौकशी मात्र बंद: कुठून तपासायला घ्यायचं

प्लॉट, रीसेल फ्लॅट, भाडेकरूसकट विकायची दुकानं अशी गुंतवणूक करून देणाऱ्या छोट्या फर्मच्या साइट सांभाळणं हे माझं रोजचं काम. या धंद्यातल्या साइटचं एक दुखणं ठरलेलं आहे: चौकशा अचानक आटतात. मालक आधी जाहिरातवाल्याला धरतो, मग एसईओवाल्याला, आणि शेवटी वैतागून नवी साइट करायला टाकतो. नव्या साइटला होस्टिंग जुनंच, ईमेल जुनाच, त्यामुळे थोड्या दिवसांत पुन्हा तेच. बहुतेक वेळा चौकशी आलेली असते, पण फॉर्म आणि इनबॉक्स यांच्या मध्येच कुठेतरी गळालेली असते. म्हणून खिशात हात घालण्याआधी खालच्या क्रमाने बघा. मी इथे वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) धरून लिहिते आहे, कारण या धंद्यातल्या बऱ्याच साइट त्यावरच असतात.

लक्षणं

यातली कोणती तुमच्याकडे आहेत ते कागदावर लिहा. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

- ॲनालिटिक्समध्ये माणसं दिसतात, क्लिकचे पैसे कापले जातात, इनबॉक्स रिकामा.
- फॉर्म भरल्यावर "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" असं येतं, पण मेल येत नाही.
- काही जणांचे मेल येतात, काहींचे नाही.
- व्हॉट्सॲपचं बटण दाबल्यावर हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही असं सांगतं.
- ओटीपी येत नाही, किंवा परदेशातल्या माणसाचा नंबर फॉर्म घेतच नाही.
- ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट झकास, मोबाइलवर उघडता उघडत नाही.
- चौकशा येतात, पण सगळ्या भलत्याच.

आणि एक तारीख शोधून काढा: शेवटची खरी चौकशी कधी आली? त्या आठवड्यात काय बदललं होतं ते आठवा. जीमेलचा पासवर्ड बदलला? होस्टिंग हलवलं? कोणी नोकरी सोडली? कोणी "सगळे प्लगइन अपडेट करून टाकले"? (प्लगइन म्हणजे साइटला जोडलेले छोटे जादा प्रोग्राम.) ही तारीख सापडली की निम्मं निदान झालं म्हणून समजा.

१. स्वतःच गिऱ्हाईक व्हा

"मी तपासलं, फॉर्म चालतोय" हे मला प्रत्येक मालक सांगतो. तपासलेलं असतं ऑफिसच्या वायफायवर, ॲडमिन म्हणून लॉगिन असताना, स्वतःच्याच कंपनीच्या ईमेलने. ही तपासणी नव्हे. लॉगिन असलेल्या माणसाला बहुधा कॅशमधलं (वेगासाठी आधीच तयार करून साठवलेलं) पान दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच दिसतं.

मोबाइल डेटा चालू करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, जाहिरातीत दिलेल्या दुव्यावरूनच पानावर या आणि फॉर्म भरा. ईमेल जीमेलचा द्या. मग दुसऱ्यांदा याहू किंवा आउटलुकचा. संदेशात वेळ लिहा, म्हणजे नंतर शोधायला सोपं जातं.

शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन घ्या. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. एका साइटवर अशा फोनमध्ये व्हॉट्सॲपचा तरंगता हिरवा गोळा बरोबर "पाठवा" बटणावर बसत होता. माणूस सगळं भरायचा, बटण दाबायचा आणि थेट व्हॉट्सॲपमध्ये जाऊन पडायचा. डिझाइन करणाऱ्याच्या फोनवर हे कधीच दिसलं नसतं. गुंतवणुकीला पैसे असलेला गिऱ्हाईक बऱ्याचदा साठीच्या आसपासचा असतो, हे डिझाइन करताना कोणाच्या लक्षात नसतं.

काँटॅक्ट फॉर्म ७ हा वर्डप्रेसचा फॉर्म-प्लगइन वापरत असाल तर उत्तराच्या चौकटीचा रंग बघा. हिरवा म्हणजे गेलं. पिवळा म्हणजे एखादा रकाना चुकला. केशरी म्हणजे फॉर्मने तुम्हाला स्पॅम ठरवलं. लाल म्हणजे सर्व्हरला मेल पाठवता आला नाही. थीमने रंग बदलले नसतील तर एवढ्यावरच पुढची दिशा कळते: केशरी असेल तर थेट सातव्या मुद्द्यावर जा, लाल असेल तर सहाव्या.

२. मेल जातो कुणाकडे?

फॉर्मच्या सेटिंगमध्ये "कुणाला" हा रकाना उघडून वाचा. काँटॅक्ट फॉर्म ७ मध्ये तिथे सुरुवातीला साइटच्या ॲडमिनचा ईमेल धरलेला असतो, आणि ॲडमिनचा ईमेल बहुधा साइट बनवणाऱ्या पोराचा असतो. त्याने काम संपवलं, पैसे घेतले, तुमच्या चौकशा इमानेइतबारे त्याच्या इनबॉक्समध्ये पडताहेत आणि तो त्या उघडतही नाही. दुसरा नमुना म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनचा पत्ता.

मग स्पॅम बघा, जीमेलचे फिल्टर बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे, म्हणून ते आधी.

३. व्हॉट्सॲप आणि फोनची बटणं

व्हॉट्सॲपच्या दुव्यात ९१ आणि पुढे दहा आकडे एवढंच हवं. अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये जागा किंवा रेघ नको, आणि आकडे इंग्रजी लिपीतले हवेत. साइट मराठी करताना कोणी उत्साहाने दुव्यातलेही आकडे देवनागरी करून ठेवतं.

९१ राहून गेलं की गंमत होते. व्हॉट्सॲप पहिले आकडे देशाचा कोड समजून वाचतं. तुमचा नंबर ९८ ने सुरू होत असेल तर ते इराणात शोधायला जातं, ९४ असेल तर श्रीलंकेत, ९५ असेल तर म्यानमारमध्ये. तिथे असा नंबर नसतो, गिऱ्हाइकाला वाटतं फर्मच बोगस आहे. बटण स्वतःच्या फोनवरून दाबू नका. ज्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, अशा फोनवरून दाबा.

४. नंबराचा रकाना आणि ओटीपी

फॉर्म बनवणारे नंबराला अट घालतात: दहाच आकडे, आणि पहिला ६ ते ९ मधला. भारतातल्या मोबाइलसाठी ठीक. पण दुबईचा मोबाइल देशाचा कोड सोडून नऊ आकड्यांचा असतो, तो फॉर्म घेणार नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा ४०८ ने सुरू होणारा नंबरही घेणार नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनचा ७३२ ने सुरू होणारा नंबर मात्र दहा आकडे आणि पहिला सात म्हणून खुशाल आत येतो, आणि तुमचा माणूस भारतातल्या कुणातरी तिऱ्हाइताला फोन लावून "चुकीचा नंबर" असा शेरा मारतो. परदेशातल्या मराठी माणसांना पुण्या-नाशकात फ्लॅट विकायचे असतील तर देश निवडायचा रकाना ठेवाच.

ओटीपी अचानक बंद पडला असेल तर एसएमएसचा मजकूर बघा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे व्यावसायिक एसएमएसचा नमुना डीएलटी नावाच्या नोंदणी पोर्टलवर नोंदवावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी तंतोतंत जुळला नाही की तो वाटेतच अडवला जातो. कोणीतरी फर्मच्या नावात "ग्रुप" जोडला, एवढंही पुरतं. हे तुमच्या एसएमएस विक्रेत्याकडून करून घ्या. माझं मत विचाराल तर चौकशीच्या फॉर्मवर ओटीपी नकोच. खोट्या चौकशा थोड्या कमी होतात हे खरं, पण खरा गिऱ्हाईक कंटाळून निघून जातो आणि परदेशी नंबरांचा घोळ वेगळाच.

५. महारेराचा नंबर

माणसं येतात, पान वाचतात आणि काही न भरता जातात, असं असेल तर बिघाड तांत्रिक नसू शकतो. गुंतवणूकदार पहिल्यांदा महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक तपासतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता ठळक द्यावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे, आणि तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटाची स्वतःची नोंदणी वेगळी, तिचा क्रमांक इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो. प्रकल्पाचा पी ने.

आता तपासा. क्रमांक पानावर मजकूर म्हणून आहे की चित्राचाच भाग आहे? चित्रातला क्रमांक कॉपी करता येत नाही, आणि एवढी अक्षरं हाताने टाइप करण्याइतका संयम कोणाकडे नसतो. तो कॉपी करून महारेराच्या साइटवर टाका. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झालेला मी पाहिला आहे. शोध रिकामा येतो आणि गिऱ्हाइकाच्या मनात शंका शिरते. दुवाही दाबून बघा: महारेराचं काम पूर्वी महाऑनलाइनच्या पत्त्यावर चालायचं, आता ते महाराष्ट्र शासनाच्या डोमेनवर आहे, आणि जुन्या साइटवर जुनेच दुवे पडून असतात. क्यूआर कोड छापील पत्रकावरून नव्हे, साइटवरून दुसऱ्या फोनने स्कॅन करा. प्रकल्पाची मुदत संपून तो लॅप्स यादीत गेला असेल तर ते पान आजच उतरवा.

भलत्याच चौकशा येत असतील तर त्याचंही मूळ इथेच असतं. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, आणि अनिवासी भारतीयांना शेतजमीन वा फार्महाउस विकत घेण्याची फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत मुभा नाही. पानावर "गुंठेवारीने हिरवीगार जमीन" असं लिहून ठेवलं की सगळं जग फोन करणार. एनए (बिगरशेती) आहे की शेती, सातबारा स्वतंत्र मिळणार की सामायिक, रस्ता मंजूर आहे की फक्त वहिवाटीचा, एवढं पहिल्याच पडद्यावर लिहा. फोन कमी येतील, पण कामाचे येतील.

६. मेलची वाट

हा सगळ्यात जास्त डोकं खाणारा भाग, आणि खरा बिघाड बहुतेक इथेच सापडतो.

सगळ्यात आधी चौकशी साइटमध्येच साठवायची सोय करा. काँटॅक्ट फॉर्म ७ आलेली माहिती स्वतः साठवत नाही, नुसता मेल धाडतो. मेल हरवला की चौकशी गेली. त्याच लेखकाचा फ्लेमिंगो नावाचा फुकट प्लगइन ती साठवतो. बाकीच्या फॉर्ममध्ये नोंदींची सोय असेल तर ती चालू आहे ना बघा. हे झालं की पुढचं शांतपणे करता येतं, कारण दरम्यान काही वाया जात नाही.

आता "कडून" हा रकाना. तिथे गिऱ्हाइकाचा ईमेल टाकलेला असतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जावं म्हणून. पण मग तुमचा सर्व्हर याहूच्या नावाने मेल पाठवतो आणि समोरचा सर्व्हर म्हणतो, हा याहू नव्हे. काहींचे मेल येतात आणि काहींचे नाही, याचं कारण बहुतेक हेच. "कडून" मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा, गिऱ्हाइकाचा ईमेल "उत्तर पत्ता" मध्ये.

तरी येत नसेल तर फॉर्मचा "कुणाला" पत्ता थोड्या वेळासाठी एखाद्या साध्या जीमेलवर वळवा. तिथे मेल आला आणि कंपनीच्या पत्त्यावर येत नाही, तर सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रणाच्या पानावर) ईमेल राउटिंग उघडा. तुमचे मेल गुगल वर्कस्पेसवर (गुगलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेवर) आहेत, पण सर्व्हरला ते ठाऊकच नाही. त्याला वाटतं हे डोमेन माझंच, पेटीही माझ्याकडेच. सोसायटीच्या वॉचमनने आलेलं पाकीट आपल्याच केबिनमध्ये ठेवून द्यावं तसं तो मेल स्वतःकडे ठेवतो. फॉर्म म्हणतो गेलं, आणि ते खरंही असतं. तिथे "लोकल" च्या जागी "रिमोट" निवडा. एका फर्मच्या सर्व्हरवरच्या त्या विसरलेल्या पेटीत मला न वाचलेल्या चौकशांची रांग सापडली होती, आणि त्यातल्या काहींनी एव्हाना शेजारच्या दलालाकडून प्लॉट घेतलेही होते.

साध्या जीमेलवरही येत नसेल तर पाठवण्याची पद्धत बदला. वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्या साध्या पीएचपी मेलने पाठवतो, त्यावर तो खरंच तुमच्या डोमेनचा आहे अशी डिजिटल सही नसते. एसएमटीपीचा (खात्यात लॉगिन करून मेल पाठवण्याच्या पद्धतीचा) प्लगइन बसवून खऱ्या खात्यातून पाठवा. इथे एक खोच आहे: जीमेलचा ॲप पासवर्ड (अशा प्रोग्रामसाठी गुगल देतं तो वेगळा पासवर्ड) वापरला असेल तर त्या गुगल खात्याचा पासवर्ड बदलताक्षणी सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं" याच्या मागे बऱ्याचदा दिवाळीच्या सुटीत बदललेला पासवर्ड असतो.

शेवटी डीएनएसमधल्या (डोमेनच्या जाहीर नोंदवहीतल्या) एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी. तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो हे पहिली सांगते, मेलवरची सही पडताळायला दुसरी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातली किमान एक मागतं. एसपीएफची नोंद डोमेनला एकच हवी. होस्टिंगवाल्याने एक टाकली, गुगलवाल्याने दुसरी सांगितली, दोन्ही ठेवल्या, की दोन्ही निकामी. त्या जोडून एक करायच्या असतात.

७. कॅश आणि कॅप्चा

सकाळी चालतं, दुपारी नाही. कॅश साफ केली की पुन्हा चालतं. असं असेल तर पानात शिळी सुरक्षा-खूण अडकलेली आहे. वर्डप्रेसची ही खूण फार तर २४ तास टिकते, कॅश मात्र पान आठवडाभर तेच दाखवते. फॉर्म असलेली पानं कॅशमधून वगळा, किंवा कॅशची मुदत काही तासांवर आणा.

केशरी चौकट येत असेल तर रीकॅप्चाच्या (माणूस की यंत्र ते ओळखणाऱ्या गुगलच्या सेवेच्या) चाव्या बघा. त्या डोमेनला बांधलेल्या असतात. साइट नव्या डोमेनवर नेली आणि चाव्या जुन्याच, तर प्रत्येक माणूस यंत्रमानव ठरतो. दुसऱ्या आवृत्तीच्या चाव्या तिसऱ्या आवृत्तीला चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

८. मोबाइलवरचा वेग

गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर तुमच्या पानाचा पत्ता टाका आणि मोबाइलचा भाग बघा. डेस्कटॉपचे हिरवे आकडे पाहून खूश होऊ नका. गुगलच्या हिशोबाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. या धंद्यात गुन्हेगार ठरलेला असतो: ड्रोनचा फोटो. कॅमेऱ्यातून निघालेली आठ-दहा एमबीची फाइल तशीच वर चढवलेली, आणि तशा पाच स्लायडरमध्ये. १६०० पिक्सेल रुंदी, वेबपी प्रकारची फाइल, दोन-तीनशे केबी, एवढ्यात प्लॉट तितकाच हिरवा दिसतो. स्लायडर काढून एकच फोटो ठेवा, आणि त्या पहिल्या फोटोवरचं लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उशिरा उतरवणं) बंद करा. लेआउटचा नकाशा छोट्या चित्रात दाखवा, पीडीएफ दुव्यात द्या. गुगल नकाशा करडा पडून चूक दाखवत असेल तर एपीआयची चावी किंवा तिचं बिलिंग तपासा. एका ठिकाणाचा नकाशा दाखवायला नकाशाच्या "शेअर" मधला फुकटचा एम्बेड पुरतो.

९. गुगलमध्ये साइट आहे तरी का?

जाहिरात थांबवली की माणसंच येत नाहीत, असं असेल तरच हा मुद्दा. गुगलमध्ये इंग्रजीत साइट, कोलन आणि लगेच तुमचं डोमेन असं टाइप करा. काहीच आलं नाही तर वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमधली "सर्च इंजिनांना परावृत्त करा" ही चौकट बघा. साइट बनत असताना तिच्यात टिक केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. मग गुगलचं सर्च कन्सोल हे साधन साइटला जोडा आणि तिथल्या तक्रारी वाचा.

पानं आहेत पण वर येत नाहीत, तर बिल्डरच्या ब्रोशरचा मजकूर जसाच्या तसा डकवला आहे का ते पाहा. तोच मजकूर पंचवीस दलालांच्या साइटवर असतो. गुगल त्यातलं एक पान निवडतं आणि ते तुमचं नसतं. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते लिहा: बँक कर्ज देते का, तुकडेबंदीत (जमिनीचे छोटे तुकडे करण्यावरच्या बंदीत) अडकेल का, सोसायटीचं मेंटेनन्स किती. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलेलं आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

साइट-कोलनच्या शोधात तुमच्या नावाखाली जपानी मजकूर किंवा औषधांची पानं दिसली, किंवा फक्त मोबाइलवरून आलेला माणूस दुसऱ्याच साइटवर फेकला जातोय, तर साइट हॅक झाली आहे. फाइली पुसत बसू नका. चोरवाट कुठे ठेवली आहे ते शोधणं हे सरावलेल्याचंच काम; वरवर साफ केलेली साइट पुन्हा बाधते.

नेमसर्व्हर किंवा डीएनएस बदलायचा असेल आणि एमएक्स म्हणजे काय हे तुम्हाला नीट माहीत नसेल, तर हात लावू नका. एक नोंद राहिली की फॉर्मचेच काय, बँकेचे आणि वकिलाचेही मेल बंद पडतात.

साइट एकदम गायब झाली तर डोमेनची मुदत बघा, आणि रजिस्ट्रारचा (डोमेन जिथे नोंदवलं त्या कंपनीचा) पडताळणीचा मेल कुठे पडून आहे का तेही. डॉट कॉमसारख्या डोमेनवर पंधरा दिवसांत त्या मेलला उत्तर दिलं नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं. त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन करा. डोमेन जुन्या डेव्हलपरच्या नावावर असेल आणि तो ऐकत नसेल तर वकील गाठा, वेबवाला नव्हे.

आणि साइटवर "दरमहा खात्रीशीर परतावा" किंवा "अनेकांनी मिळून एक दुकान घ्या" असं काही लिहिलं असेल, तर ते पान आधी सीए आणि वकिलाला दाखवा. लोकांचे पैसे एकत्र करून परतावा देणं सेबीच्या सामूहिक गुंतवणुकीच्या नियमांत येऊ शकतं, ठेवी म्हणून घेतले तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरचा कायदा लागू शकतो. अशा पानाचा वेग वाढवून द्यायचं काम मी घेत नाही.

तांत्रिक माणसाला बोलवाल तेव्हा हे तयार ठेवा: शेवटच्या खऱ्या चौकशीची तारीख, तुम्ही भरलेल्या फॉर्मच्या वेळा आणि कोणत्या ईमेलने भरले ते, चौकटीच्या रंगाचा स्क्रीनशॉट, डीएनएसच्या सध्याच्या नोंदींचा स्क्रीनशॉट, आणि ताजा बॅकअप. स्वतःचा पासवर्ड देऊ नका. त्याच्यासाठी वेगळं ॲडमिन खातं उघडा आणि काम झालं की त्याच दिवशी ते काढून टाका.